पुरे नावाची बाई

आमच्या गावात नावं माणसाला हाक मारण्यासाठी ठेवत नाहीत. देवाला निरोप धाडण्यासाठी ठेवतात. पाळण्यातली मुलं हाती लागत नसली की पुढच्या मुलाचं नाव दुर्सुन. म्हणजे 'राहू दे'. देवा, एवढा तरी राहू दे. मुलींमागून मुलीच व्हायला लागल्या की येतेर. म्हणजे 'पुरे'. माझे सासरे स्वतः सातील्मिश होते, म्हणजे 'विकलेला'. नजर लागू नये म्हणून त्यांच्या आईने त्यांना जन्मताच शेजारणीला खोटंखोटं विकलं होतं आणि संध्याकाळी दूध पाजायला परत आणलं होतं.

तर ह्या विकलेल्या माणसाला पहिल्या दोन मुली झाल्या तेव्हा तो हसत होता. तिसरी झाली तेव्हा त्याने देवाकडे 'येतेर' असा निरोप धाडला. देवाला तो पोचला असावा, पण अक्षर लागलं नसावं, कारण पुढे चौथी झाली. तिचं नाव दोन्दू, 'वळली'. आता तरी वारं वळू दे, असा त्यात अर्थ. वारं काही वळलं नाही. दोन्दू तेवढी वळली आणि पुढे माझ्या घरी येऊन माझी बायको झाली. तेव्हा सासऱ्यांच्या निरोपांपैकी निदान एकाचं उत्तर मला मिळालं आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. असली तरी ती ह्या घरात कोण ऐकणार?

येतेर ही दोन्दूच्या पाठची नव्हे, पुढची. माझी मेहुणी, पण वयाने मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणतो. 'पुरे' नावाची बाई गावात असली की काय गोंधळ होतो ते ज्याच्या गावात नाही त्याला कळायचं नाही. चहा ओतताना पाहुणा पेल्यावर हात धरून "येतेर, येतेर" म्हणाला की शेजारच्या खोलीतून "काय हो?" म्हणून ही हजर. एकदा मशिदीत इमामसाहेबांचं प्रवचन लांबलं. खाली कोणीतरी कंटाळून "येतेर" असं पुटपुटलं, तर वर बायकांच्या सज्जातून स्वच्छ आवाज आला, "इथे आहे मी." प्रवचन तिथेच संपलं. त्या शुक्रवारी आक्काला गावाने मनापासून दुवा दिला.

आणि स्वभाव म्हणाल तर देवाने नावाशी पैजच लावलेली. हिला पुरे हा शब्द फक्त ओ देण्यापुरता ठाऊक. चहा ओतेल तर बशी भरेपर्यंत. द्राक्षांची काकवी आटवायला बसली की कढईच दमून सांगेल, बाई आता बस. नवरा जर्मनीत कारखान्यात; तो ऑगस्टमध्ये यायचा, चॉकलेटं वाटायचा, आक्काने वाढलेलं खायचा आणि विश्रांतीसाठी परत कामावर जायचा.

सासऱ्यांची द्राक्षबाग त्यांचे गुडघे गेल्यापासून आक्काच बघत होती. आमची जमीन म्हणजे जुन्या ज्वालामुखीची राख. दिसायला गोरीपान आणि कामाला शून्य. तिला कबुतरांचं खत दिलं तर ती द्राक्षं देते. नाही दिलं तर काड्या. म्हणून आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलाच्या घरी बाग आहे का, हे नंतर विचारतात. आधी कबुतरखाना आहे का, ते विचारतात.

सासऱ्यांचा कबुतरखाना होता थोरल्या खडकात. हा खडक गावाच्या मध्यभागी उभा आहे, डोक्यावर काळ्या दगडाची टोपी तिरपी घालून, लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा. बाहेरगावचे पाहुणे मिनीबसमधून उतरतात, माना मोडेपर्यंत वर बघतात आणि ही टोपी कोणी घातली म्हणून विचारतात. त्याच्या पोटात खाली घरं आहेत. आमच्यात घर बांधत नाहीत, कोरतात. मुलगा लग्नाचा झाला की बाप टिकाव घेऊन मागच्या भिंतीपाशी जातो आणि सुनेच्या खोलीएवढा डोंगर कमी करतो. घरांच्या वर, अगदी गळ्यापाशी, एक जुनं चर्च आहे. कोणाचं, कधीचं, कोणास ठाऊक. आक्काच्या पणजोबांनी त्याच्या खिडक्या दगडमातीने बुजवल्या, मूठभर भोकं तेवढी ठेवली, भोवती चुन्याने पांढरं करून लाल फुलं काढली. कबुतरांना सजावट आवडते. ती आली आणि राहिली.

चर्चचा मूळचा जिना केव्हाच ढासळला होता. वर जायची वाट एकच: खडकाच्या आतून सरळ वर गेलेलं एक उभं बीळ. आम्ही त्याला घसा म्हणतो. पाठ एका भिंतीला टेकायची, पाय समोरच्या भिंतीतल्या खोबणीत रोवायचे आणि पाठीने-पायाने रेटत वर सरकायचं. वर पोचलं की एका खिडकीचे दगड काढायचे, वर्षभराचं खत पाट्यांत भरून दोराने खाली सोडायचं, आणि उतरताना खिडकी पुन्हा बुजवायची. वर्षातून एकदा, वसंतात, हिदिरेल्लेझच्या सणाला. हे काम बापाकडून मुलाकडे; सासरे गुडघे गेल्यावरही हट्टाने वर जायचे. बायकांनी खाली उभं राहून पाट्या धरायच्या. चारही बहिणींनी लहानपणापासून पाट्या धरल्या; वर काय आहे ते एकीनेही पाहिलं नव्हतं. आक्काने बापाला कितीदा विचारलं असेल. बापाचं उत्तर ठरलेलं: वर अंधार आहे आणि कबुतरं आहेत, तुला काय पाहिजे त्यातलं?

त्या हिवाळ्यात सासरे गेले. आणि त्यांचा पुतण्या दुर्सुन चाळिसाव्या दिवसाचे विधी होण्याची वाट न बघता कबुतरखान्यावर बोलू लागला.

दुर्सुन माणूस वाईट नाही. कृश, उत्साही, मिशीला पीळ देणारा. पण पाहुण्यांच्या मिनीबसा यायला लागल्यापासून त्याच्या डोक्यात एकच किडा होता: गुहेतलं हॉटेल. चर्चच्या खिडक्या उघडायच्या, काचा बसवायच्या, आत दोन पलंग टाकायचे. सगळं खोरं दिसतं तिथून. कबुतरांचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, कबुतरांना पंख असतात, ती बघतील त्यांचं. आणि चुलत्याला मुलगा नाही म्हटल्यावर घरातला पुरुष मीच, हे सांगायला तो विसरत नसे.

आक्काला ही बातमी बागेत कळली. हातातली छाटणीची कात्री तशीच घेऊन ती थेट चहाच्या दुकानात आली. आमच्या चहाच्या दुकानात बाई येत नाही, असा नियम नाही. येत नाही एवढंच. पत्ते थांबले. आमचा मुख्तार वेहबी, म्हणजे गावचा सरपंचच म्हणा, राणी टाकणार होता ती हातातच राहिली.

"वेहबीकाका," आक्का म्हणाली, "मालक गेला आणि वारस ठरत नसला तर रीत काय? सणाच्या दिवशी घरातला जो वरून पहिली पाटी खाली सोडेल, त्याचा कबुतरखाना. हीच ना?"

"रीत हीच," वेहबी म्हणाला. "पण पोरी, ज्यांनी ही रीत घातली त्यांच्या डोळ्यांसमोर बाई नव्हती."

"माझ्याही डोळ्यांसमोर ते नाहीत. सगळे मेलेत."

ह्यावर वेहबीने राणी टाकली. आमच्या गावात मुख्तारने पत्ता टाकला की ठराव मंजूर झाला असं समजतात. दुर्सुन मात्र इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, आक्का, तू चढ, मी खाली गाद्या घालतो, सगळ्या गावातल्या गाद्या लागतील पण.

ही थट्टा नवी नव्हती. आक्का अंगाने भरलेली. भरलेली म्हणजे तिच्या वाढपाचा पहिला मान तिने स्वतःलाच दिलेला. ती दारातून आडवी होऊन आत येते, ती मिनीबसमध्ये बसली की ड्रायव्हर दोघांची जागा धरतो, अशी गंमत गाव तिच्या तोंडावर करी आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसे.

दुर्सुन हसला खरा, पण दोन दिवसांनी लंगडत आला. साबणावरून पाय घसरला म्हणाला. ज्याच्या घरी साबण कधी जमिनीपर्यंत पोचत नाही त्याने असं सांगितल्यावर आम्ही काय ते ओळखलं. तो पहाटे गुपचूप घशात शिरला होता. त्याची पाठ भिंतीला टेकवली तर पाय समोर पोचत नव्हते. पाय पोचवले तर पाठ हवेत. कोरणारे पणजोबा कपाटासारखे रुंद होते. त्यांचा मुलगा तसा, आणि नातू, म्हणजे माझे सासरे, तर असे की त्यांची शवपेटी न्यायला दोन माणसं जास्त लागली. घसा त्या सगळ्यांच्या मापाने कोरलेला आणि त्यांच्या पाठींनी घासून गुळगुळीत झालेला. दुर्सुन गेला होता आईच्या वळणावर.

मग दुर्सुन शांत झाला, आणि तो शांत झाला की काळजी करावी. दुपारी त्याच्या घरातून ठक ठक ऐकू यायला लागलं. त्याचं घर थोरल्या खडकाच्या पोटातच आहे. मिशीवर पांढरी भुकटी घेऊन तो चहाला यायचा. विचारलं तर म्हणे, बायकोला लोणच्यासाठी खोली करतोय. तेवढ्यावरून गाव काय ते समजलं. रीत म्हणते पहिली पाटी कोणाची. पाटीवाला कुठल्या वाटेने वर गेला ते रीत विचारत नाही. मागच्या कोठीतून तिरपं वर खणत गेलं की चर्चच्या जमिनीतून डोकं बाहेर, असा त्याचा हिशेब. दगड मऊ, टिकाव चांगला, आणि सण अजून लांब.

आक्कापर्यंत ठकठक पोचत होतीच. एके दिवशी दोन्दूने मला हाताला धरून बहिणीच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे तंदूरवरून धूर जायला खडकात कोरलेलं धुराडं आहे, चांगलं रुंद आणि उंच. तंदूर थंड होता. त्यावर फळ्या, फळ्यांवर गाद्या. आणि धुराड्यातून दोन मोजे घातलेले पाय लोंबत होते.

"कोण, रेमझी?" धुराडं बोललं. "आलास ते बरं झालं. ती लोकरीची गादी जरा डावीकडे सरकव, आणि दुर्सुनकडे जाऊन सांगितलंस तर बघ."

मी गादी सरकवली. पुढे रोज सरकवत गेलो. सुरुवातीला आक्का माझ्या अंदाजापेक्षा लवकर खाली यायची, आणि मी बाजूला होण्याच्या आत. काजळीने ती इतकी काळी व्हायची की शेजारची मांजर तिला बघून घर सोडून गेली. पण हळूहळू एक गंमत तिच्या ध्यानात आली. तिला जोर लावावाच लागत नव्हता. पाठ टेकली, पाय रोवले, की बाटलीत बूच बसावं तशी ती जागेवर बसे. दुर्सुनसारख्याला धरून राहायला जीव काढावा लागतो. हिला सुटायला प्रयत्न करावा लागे. एकदा मी खाली जीव मुठीत घेऊन उभा, आणि वरून घोरण्याचा आवाज. बापाने आयुष्यभर देवाकडे मुलगा मागितला. देवाने मुलगा दिला नाही, पण बापाची पाठ जशीच्या तशी मुलीला देऊन ठेवली, आणि तिघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

हिदिरेल्लेझ उजाडला. ऊन लख्ख. गुलाबाच्या झाडांना पोरींनी नवसाच्या चिंध्या बांधलेल्या, घराघरात अंडी उकडलेली, आणि झाडून सगळं गाव थोरल्या खडकाखाली. त्यात पाहुण्यांची एक मिनीबस नेमकी तेव्हाच आली. त्यांना वाटलं गाव आपल्या स्वागताला उभं आहे. ते हात हलवत उतरले. कोणी त्यांचा हिरमोड केला नाही. त्यांनाही अंडी दिली.

आक्का आली ती नवऱ्याने जर्मनीहून आणलेले रबरी बूट, फुलाफुलांची सलवार आणि डोक्याला लालभडक रुमाल बांधून. कमरेला दोर, पाठीला बापाची पाटी. दुर्सुनचा पत्ता नव्हता, पण खडकातून ठक ठक चालू होती, आणि नेहमीपेक्षा जलद. वेहबीने आकाशाकडे पाहून बिस्मिल्ला म्हटलं. आक्का घशात शिरली.

घशाला बाहेरच्या बाजूने उजेडासाठी तीन झरोके आहेत, एकावर एक. बाकी काही दिसत नाही. आम्ही सगळे पहिल्या झरोक्याकडे डोळे लावून. थोड्या वेळाने तिथे लाल रुमाल आला, एक हात बाहेर निघून हलला, आणि गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग बराच वेळ नुसती खडखड. दुसऱ्या झरोक्यात रुमाल दिसला तोच आतून मोठा आवाज झाला आणि घशाच्या तोंडातून दगडांचा आणि धुळीचा लोंढा खाली आला. जुनी खोबण तिच्या पायाखालून निखळली होती. रुमाल झरोक्यातच थांबला. वर जाईना, खाली येईना.

आधी दोन्दू ओरडली. मग थोरल्या बहिणी. मग सगळं गावच ओरडायला लागलं, पुरुष, बायका, इमामसाहेबसुद्धा. पुरे झालं, बाई, उतर खाली, कबुतरखाना गेला चुलीत, असं प्रत्येकाला म्हणायचं होतं. पण एवढं लांबलचक वर पोचणार कसं? म्हणून जो तो एकच शब्द ओरडत होता: "येतेर! येतेर!" तिकडे कोपऱ्यात दुर्सुनचे चार दोस्त होते. त्यांना वाटलं आपल्या माणसाचंही नाव गाजावं. ते "दुर्सुन, दुर्सुन" म्हणून ओरडू लागले. झालं. सगळं खोरं दुमदुमत होतं: पुरे, पुरे, राहू दे, राहू दे.

माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका पाहुण्या बाईने, अर्धं खुणांनी आणि अर्धं मोडक्या शब्दांनी, हे काय ओरडतायत म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिचं नाव. छान, ती म्हणाली, आणि अर्थ काय नावाचा? मी म्हटलं, पुरे, म्हणजे आता थांब. बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खडकाकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, पण ती तर चढतेय.

खरंच चढत होती. दुसरा झरोका रिकामा झाला होता.

आक्काने पुढे मला सांगितलं ते असं. पाय रोवायला जागा नव्हती. नुसत्या पाठीवर आणि एका टाचेवर ती अडकून होती. बुचासारखी बसली होती म्हणून पडली नाही, पण हिंमत संपली होती, आणि ती उतरायचंच ठरवत होती. "आणि तेवढ्यात," ती म्हणाली, "सगळं गाव माझं नाव घ्यायला लागलं रे. जन्मात कधी कोणी माझं नाव असं घेतलं नव्हतं. चहा नको असला म्हणजे घेतात, तेवढंच." मी तिला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. दोन्दूनेही नाही. गावात कोणीच नाही. आमच्या गावात एखादी गोष्ट इतकी वर्षं कोणी न बोलता राहणं हाच मुळात एक चमत्कार आहे.

तिसऱ्या झरोक्यात रुमाल चमकला, आणि त्याच क्षणी खडकाच्या पोटातली ठकठक थांबली. धप्प असा आवाज, आणि मागोमाग एका बाईची किंकाळी. ती वरून नव्हे, खालून, डाव्या अंगाच्या घरातून. ते घर दुर्सुनच्या सासूचं, हानिफेबाईंचं, त्याच्या घराच्या जरा वरच्या अंगाला. दुर्सुनने शेजारचीच मुलगी केली आहे.

उजव्या हाताने खणणारा माणूस अंधारात डावीकडे सरकत जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून दर दोन हातांवर टिकाव हात बदलून धरतात. दुर्सुनच्या डोक्यात पलंग आणि काचा. तो हात बदलायला विसरला. महिनाभर खणून तो चर्चच्या जमिनीतून नव्हे, तर सासूच्या तंदूरखोलीच्या भिंतीतून, डोकं पुढे करून, थेट पिठाच्या कणगीत निघाला. हानिफेबाई सणाच्या रोट्या लाटत होत्या. आम्ही धावत पोचलो तेव्हा त्या लाटणं घेऊन उभ्या होत्या, आणि कणगीतून एक पांढरी मिशी त्यांच्याकडे बघत होती.

"या, जावईबापू," हानिफेबाई म्हणाल्या. "दारातून यायला लाज वाटली वाटतं?"

मिशीने विचारलं, ही कुठली जागा.

"हे माझं स्वयंपाकघर. चर्च बघायचं असेल तर बाहेर जाऊन पाहुण्यांच्या रांगेत उभे राहा."

आणि तेवढ्यात बाहेर आकाश फुटलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. सगळी कबुतरं एकदम भोकाभोकांतून बाहेर पडली, राखाडी, पांढरी, निळसर, आणि थोरल्या खडकाच्या टोपीभोवती गिरक्या घेऊ लागली. एकेक करत खिडकीचे दगड आत ओढले गेले. काळा चौकोन उघडला. आणि त्यातून दोराला बांधलेली, काठोकाठ भरलेली, काठावरून सांडणारी पाटी डुलत डुलत खाली आली. अर्धी भरून सोडली असती तरी जिंकली असती, पण ते तिच्याच्याने होणं नव्हतं. वेहबीने पाटीत हात घातला, चिमूट नाकाला लावली, शिंकला, आणि म्हणाला, खत सातील्मिशचं, कबुतरखाना येतेरचा. ढोल सुरू झाले. थोरल्या दोघी बहिणी, एरवी चारचौघांत मान वर न करणाऱ्या, पाटीभोवती फेर धरून नाचल्या. पाहुणेही नाचले. त्यांना कशासाठी ते माहीत नव्हतं, पण नाचताना ते लागत नाही.

एवढं सगळं झालं, तरी आक्का खाली येईना. दुसरी पाटीही येईना. मी खालून हाका मारल्या. नावाने नाही मारल्या. आक्का म्हणून मारल्या. शेवटी त्या काळ्या चौकोनात तिचा चेहरा आला. कोळिष्टकं, धूळ, पिसं, आणि मधून ओल्या दोन रेघा.

"रेमझी," ती म्हणाली, "ह्यांना डोळे आहेत रे."

खाली ढोल आपोआप थांबले. आमच्या खोऱ्यात चर्चं पुष्कळ. आम्ही त्यांत पेंढा भरला, लपंडाव खेळलो, पावसात मेंढ्या घातल्या. भिंतीभिंतींवर रंगवलेले संत आहेत, घोड्यावरचे, पुस्तक धरलेले, हात वर केलेले. आणि एकालाही डोळे नाहीत. कधी काळी कोणी भीतीने खरवडले, कोणी औषध म्हणून खरवडून पाण्यातून प्यायले, कोणी उगाच. आम्ही जन्मलो तेव्हापासून ते असेच. संत म्हणजे आंधळेच असतात अशी लहानपणी माझी समजूत होती. आणि इथे, पणजोबांनी कबुतरांसाठी बुजवलेल्या अंधारात, कोणाचा खरवडणारा हात पोचला नव्हता. भिंतीवरून, छतावरून, कबुतरांच्या खबदाडांमधून, ते सगळे मोठ्या काळ्या डोळ्यांनी आक्काकडे बघत होते.

"रागावलेत का?" खालून हानिफेबाईंनी विचारलं.

आक्काने वळून आत पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "मला तर वाटतं, कोणीतरी आल्याचं बरं वाटलंय त्यांना."

दुर्सुन तोवर पिठासकट गर्दीत येऊन उभा राहिला होता. तो बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होता. पलंग आणि काचा त्याच्या डोळ्यांसमोरून चाललेल्या मला दिसल्या. आक्काने वरून त्याला ओळखलं. पिठामुळे जरा वेळ लागला. म्हणाली, "दुर्सुन्या, तुझ्या बागेला खत हवंय का? दोन पाट्या देते."

"राहू दे," दुर्सुन म्हणाला.

हा नकार होता की त्याने आपलं नाव सांगितलं, ते कळायला मार्ग नव्हता. आक्काने ते नाव समजून चार पाट्या दिल्या.

त्या वर्षी तिच्या बागेत जी द्राक्षं आली ती बघायला शेजारच्या गावाहून माणसं आली. दुर्सुनच्या बागेतही बरी आली, आणि त्याने ते कबूल केलं. त्याचं भोक हानिफेबाईंनी बुजवू दिलं नाही. लेकीकडे जायला सोयीचं आहे म्हणाल्या, एक पडदा लावला, आणि आता त्या पडद्याआडून जावयाच्या घरातलं सगळं ऐकतात. गुहेतलं हॉटेल काढायला दुर्सुनला सध्या उसंत मिळत नाही.

पाहुण्यांचं म्हणाल, तर पिल्लं उडून गेल्यावर, द्राक्षं पिकायच्या आत, आक्का चर्च दाखवते. दिवे न्यायचे नाहीत, हात लावायचा नाही, आणि यायचं ते घशातूनच. त्यामुळे अंगाने भरलेल्या बायका हसत हसत वर जातात आणि त्यांचे सडपातळ नवरे खाली माझ्यासोबत चहा पीत बसतात. मागच्या वेळी एक डच बाई इतकी अलगद वर सरकली की आक्काने तिला मिठीच मारली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण वरून तासभर दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता.

आणि पुढच्या हिदिरेल्लेझला चारही बहिणी वर गेल्या. थोरलीला गुडघ्यांचा त्रास, म्हणून तिला कमरेला दोर बांधून, तो वरच्या खुंटीवरून फिरवून, आम्ही खालून ओढलं. मी, वेहबी आणि दुर्सुन. दोन्दू गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. मग चौघी त्या खिडकीत पाय सोडून बसल्या, बापाच्या कबुतरखान्यात, मागे ती सगळी डोळेवाली मंडळी आणि समोर सगळं खोरं. आम्ही पुरुष खाली पाट्या धरून उभे. अर्ध्या तासाने दोर हलला. चहा पाठवा, असा निरोप. मी किटली, चार पेले, उकडलेली अंडी आणि हानिफेबाईंच्या रोट्या पाटीत रचल्या, आणि आम्ही तिघांनी मिळून ती अगदी सांभाळून, एक थेंब न सांडता, वर चढवली. पाटी आत गेली. मग माझी बायको वाकून खाली बघत म्हणाली,

"अहो, साखर कोण आणणार?"